परी तेवढी खोटी, बाकी सगळं खरं

मागच्या अंकात लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स नुसता सशांनी आणि पऱ्यांनी भरून गेला. मला वाटलं होतं आया विचारतील कितव्या वर्षाला कुठलं पुस्तक द्यायचं, पण बरीचशी पत्रं मोठ्या माणसांची निघाली, स्वतःसाठीच विचारणारी आणि वर थोडी लाजणारी. लाजायचं काय त्यात? सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पानं तेवढीच मिळतात, म्हणून ज्यावर मला खरंच काही सांगायचं होतं ते प्रश्न घेतलेत, बाकीच्यांनी राग मानू नये.

ताई, मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे. मुलगा-सून इंग्लंडला असतात. सुट्टीला आले तेव्हा नातीची ती निळ्या कोटातल्या सशाची तळहाताएवढी पुस्तकं इथेच विसरून गेले. दुपारी झोप लागत नाही तेव्हा मी तीच काढून बसते. इंग्रजी जेमतेम वाचता येतं, पण चित्रं बघत राहते. सून फोनवर हसते. असं काय आहे त्यात की मला सोडवत नाही?
— एक आजी, सातारा

आजी, सुनेला हसू दे, तुम्ही पुस्तकं परत पाठवू नका.

ही पुस्तकं काढणारी बाई म्हणजे बिॲट्रिक्स पॉटर. १८६६चा लंडनचा जन्म, घर श्रीमंत, शाळेत कधी घातलंच नाही, घरी गव्हर्नेस येऊन शिकवायची. त्यामुळे मैत्रिणी वगैरे फारशा नाहीत. ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांनी वरच्या मजल्यावरच्या खोलीत ससे, उंदीर, बेडूक, वटवाघळं, काट्यांचा गोळा होऊन बसणारा हेजहॉग असं काय काय पाळलेलं. नुसतं पाळलेलं नाही, दिवसभर त्यांची चित्रं काढायची, आणि एखादा प्राणी मेला की तो उकळून हाडं सुटी करून सांगाडा बघायचा आणि त्याचंही चित्र काढायचं! ऐकायला कसंसंच वाटतं ना? पण तुम्हाला जे सोडवत नाहीये त्याचं मूळ माझ्या मते तिथेच आहे. सशाला कोट घालणारे चित्रकार ढिगाने झाले, आजही आहेत, पण बहुतेकांचा ससा कोट घातला की कार्टून होतो, म्हणजे माणसाच्याच अंगावर सशाचं डोकं. हिचा ससा कोटाच्या आत पण ससाच राहतो. त्याची पाठ कुठून वाकते, मागचा पाय कसा दुमडतो, बसल्यावर पोट कसं सुटतं, ते सगळं हाडापासून माहीत असलेल्या बाईने काढलंय.

आता पुस्तक हातात घ्या आणि ते पान काढा जिथे तुमचा निळ्या कोटातला ससा, म्हणजे पीटर, मॅकग्रेगर म्हाताऱ्याच्या बागेतून पळतोय. आधी बूट सुटतात, एक कोबीत, एक बटाट्यात, आणि बूट गेल्यावर तो चार पायांवर पळायला लागतो, जास्त जोरात. मग गूजबेरीच्या जाळीत कोटाची बटणं अडकतात, तो कोट टाकूनच निसटतो. बघा, कपडे उतरत गेले तसतसा तो हळूहळू निव्वळ रानातला ससा झाला, जिवाच्या आकांताने पळणारा. आणि घरी पोचल्यावर आई परत त्याला अंथरुणात घालून कॅमोमाइलचा काढा पाजते, की पुन्हा मूल. हे सगळं ती कुठेही समजावून सांगत नाही, चित्रातच होतं. लहान मुलांना ते कळतं बरं का, त्यांचंही तसंच चालू असतं, पाहुण्यांसमोर शहाणं बाळ आणि पाठ फिरली की अंगणात चिखल.

गोष्ट जन्माला आली पत्रातून. ४ सप्टेंबर १८९३ला ती स्कॉटलंडमध्ये होती, तिच्या जुन्या गव्हर्नेसचा पाच वर्षांचा मुलगा आजारी पडलेला, तर त्याला तिने लिहिलं की काय लिहू ते सुचत नाहीये म्हणून चार सशांची गोष्टच सांगते, आणि ओळींच्या मध्ये मध्ये पेनाने चित्रं. पोराने पत्र जपून ठेवलं (आईने ठेवलं असेल, पण असो). काही वर्षांनी ते परत मागून घेऊन तिने पुस्तक केलं, तर प्रकाशकांकडून नकारावर नकार. त्यांना मोठं पुस्तक हवं होतं आणि ही हट्टाला पेटलेली की पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढंच पाहिजे, किंमत कमी पाहिजे, आणि प्रत्येक उघड्या पानावर चित्र पाहिजे. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या, आतली चित्रं रंग न भरता. तेव्हा कुठे फ्रेडरिक वॉर्न कंपनी तयार झाली, रंगीत चित्रांच्या अटीवर, आणि ऑक्टोबर १९०२ला तुमच्या हातातलं पुस्तक आलं. तुमच्या तळहातात ते बसतं तो हिच्या हट्टाचा परिणाम.

अजून एक सांगते, मग थांबते. त्यात कपडे धुणाऱ्या हेजहॉगबाईंचं पुस्तक आहे का बघा, १९०५चं. ती हेजहॉग म्हणजे पॉटरबाईंची पाळलेली मिसेस टिगी. तिच्याबद्दल बाईंनी प्रकाशकाला कळवलेलं की मांडीवर झोपू दिलं की ही खूश असते, पण चित्रासाठी अर्धा तास उभी धरून ठेवली की आधी बिचारी जांभया देते आणि मग चावते. म्हणून कपड्यांसाठी कापसाचा पुतळा करून त्याला नेसवलं. आणि ग्लॉस्टरच्या शिंप्याच्या गोष्टीत उंदीर जे भरतकामाचं जाकीट शिवतात ना, ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममधल्या अठराव्या शतकातल्या खऱ्या जाकिटावरून काढलंय, ती जाकिटं आजही तिथे आहेत. उंदीर शिवतायत ही थाप. टाके खरे.

ह्याच बाईने मशरूमचा इतका अभ्यास केलेला की १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी ह्या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे तिचा निबंध वाचला गेला, पण वाचला दुसऱ्याने, कारण बायकांना सभेला यायलाच बंदी! पुढे पुस्तकांच्या पैशातून लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेत घेतलं, मेंढ्या पाळल्या, आणि १९४३ला गेली तेव्हा चार हजार एकरांवर जमीन नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुनी घरं आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेला, देऊन गेली. तिचं हिल टॉपचं घर आज बघता येतं. मुलगा बोलवतोच आहे तर जाऊन या, पुस्तक सोबत न्या, टॉम नावाच्या मांजराच्या पिल्लाच्या गोष्टीतलं घर आणि बाग तिथलीच आहे.

चार वर्षांच्या मुलाला तेच सशाचं पुस्तक वाचून दाखवत होतो. सुरुवातीलाच आई पिल्लांना सांगते की त्या बागेत जाऊ नका, तुमच्या बाबांचा तिथे अपघात झाला आणि मॅकग्रेगरबाईंनी त्यांची पाय (pie, पिठाच्या पारीत सारण भरून भाजतात ती) केली. मी गाळलं ते वाक्य. बरोबर केलं ना?
— एक बाबा, नाशिक

नाही दादा. ते वाक्य काढलं तर पुढची पळापळ कशासाठी? म्हातारा दंताळं घेऊन मागे लागलाय आणि पकडलं तर काय होणार ते मुलाला माहीत आहे, म्हणून तो तुमच्या मांडीवर श्वास धरून बसतो. आणि आपल्याकडे काय वेगळं आहे, लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाघोबा कोल्होबा खायलाच बसलेले असतात, आणि ते आपण चार वर्षांच्याच पोरांना रात्री जेवताना सांगतो. सुरुवातीच्या छपाईत ती पाय घेऊन येणाऱ्या बाईंचं चित्रपण होतं, नंतर ते काढून टाकलं. वाक्य मात्र ठेवलं, आणि ते इतक्या सहज सांगितलंय, सूर न बदलता, बाजारात जाताना सांगावं तसं. तुम्हीही तसंच वाचा, आवाज घोगरा वगैरे करू नका. मुलाने विचारलं पाय म्हणजे काय तर सांगा, आणि विचारलं नाही तर पान उलटा.

ताई, मी आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला फुलांच्या पऱ्यांची ती जुनी इंग्लिश पुस्तकं प्रचंड आवडतात पण कॉलेजात सर म्हणतात की फेअरी काढणं म्हणजे ग्रीटिंग कार्डचं काम. मी स्वतः काढते तेव्हा नुसत्या बाहुल्या होतात आणि पंख मागून चिकटवल्यासारखे दिसतात. काय चुकतंय?
— कोल्हापूरची एक स्टुडंट

सरांना सांग की सुरुवात खरंच कार्डांपासूनच झाली होती! सिसिली मेरी बार्कर, जन्म १८९५, लंडनजवळचं क्रॉयडन. लहानपणी फिट्स यायच्या म्हणून शाळेत न घालता घरीच शिकवलं, बराच वेळ पलंगावर, तेव्हा चित्रांची पुस्तकं आणि रंग एवढीच सोबत. तेराव्या वर्षी क्रॉयडनच्या आर्ट स्कूलच्या संध्याकाळच्या क्लासला जायला लागली आणि १९११ मध्ये, म्हणजे तुझ्याहूनही लहान असताना, एका मोठ्या कार्ड कंपनीने तिची चित्रं विकत घेतली. पुढच्या वर्षी वडील गेले, घरात पैशांची ओढाताण, त्यामुळे चित्रं विकणं ही हौस राहिली नाही. १९२३ला वसंतातल्या फुलांच्या पऱ्यांचं पहिलं पुस्तक आलं, चोवीस चित्रं आणि त्यासोबतच्या कविता, सगळ्याचे मिळून मिळाले २५ पौंड. चुकून वाचलं नाहीस तू, पंचवीसच.

आता तुझ्या बाहुल्यांचं. बार्करची बहीण घरातच बालवाडी चालवायची, आणि सिसिलीला तिथली पोरं मॉडेल म्हणून मिळायची. म्हणजे प्रत्येक परी हे कुणाचं तरी खरं पोर आहे, म्हणून त्यांचे गुडघे गुबगुबीत आहेत, एखादीचा अंगठा आत वळलाय, एखादा फुरंगटून बसलाय. त्या पोराच्या हातात ती ते खरं फूल किंवा डहाळी द्यायची, आणि मगच काढायची. कपडे स्वतः शिवायची, पंख काड्या आणि जाळीच्या कापडाचे बनवायची, चित्र झालं की ते उसवून त्याच कापडातून पुढच्या परीचा ड्रेस. आता कळलं का तिचे पंख चिकटवलेले का वाटत नाहीत? ते खरोखर कुणाच्या तरी पाठीवर बांधलेले होते, त्यांना वजन होतं, त्यांच्यामधून उजेड येताना तिने बघितला होता. तू बहुतेक मनाने काढतेस, किंवा पिंटरेस्टवरून, म्हणजे दुसऱ्याने मनाने काढलेल्यावरून.

आणि फुलं तर विचारूच नकोस. एखादं झाड जवळपास मिळालं नाही तर लंडनच्या क्यू गार्डन ह्या वनस्पतींच्या बागेतली माणसं तिला नमुने आणून द्यायची. कुठल्या फुलाला किती पाकळ्या, पान देठाला समोरासमोर येतं की आड एक, फळ धरल्यावर काय होतं, ह्यात ती तडजोड करत नाही, बॉटनीवाल्याने चष्मा लावून बघावं असं काम. ड्रेसही त्याच झाडाचा, टोपी म्हणजे फुलाचा खालचा हिरवा भाग, घागरा म्हणजे पाकळ्या. विषारी फळाची परी असेल तर कवितेत ती मुलांना सरळ सांगते की हे खाऊ नका. १९४८च्या पुस्तकाच्या सुरुवातीला तिने स्वतःच लिहून ठेवलंय की झाडं-फुलं मी खऱ्यांवरून काळजीपूर्वक काढली आहेत, त्यांच्याबद्दल सांगितलेलं शक्य तेवढं खरं आहे, पण परी मी कधी बघितलेली नाही, परीचं सगळं लुटुपुटीचं. मला विचारशील तर ह्या सगळ्या प्रकारच्या पुस्तकांची खुबी एवढीच आहे, की थाप एकच मारायची आणि तिच्या आजूबाजूला सगळं पक्कं ठेवायचं. आजकालच्या परीच्या पुस्तकांत उलटं असतं, परी चकाचक आणि फूल कुठलं ते काढणाऱ्याला पण माहीत नसतं, गुलाबी आहे एवढंच.

म्हणून आधी परी काढूच नको. पारिजातक घे. देठ नारिंगी हे सगळ्यांना माहीत असतं, पण पानाला हात लावून बघितलायस? काचकागदासारखं खरखरीत असतं. आता त्या पानाचा फ्रॉक घातलेली पोर कशी बसेल, टोचणारच ना तिला, अंग चोरून बसेल. आली की नाही पोज? शेजारची कुणी छोटी असेल तर तिला चॉकलेटच्या बोलीवर बसव आणि तिच्या हातात फांदी दे. आणि कृपा करून तिला पिवळे केस देऊ नकोस, पारिजातकाखाली वेचायला येणारी पोरं तू बघितली आहेस की.

आजोबांच्या गिरगावच्या घरातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. परीकथा आहेत. चित्रं वेगळ्याच गुळगुळीत कागदावर छापून जाड तपकिरी कागदावर फक्त वरच्या कडेला चिकटवलीत, प्रत्येकावर पातळ टिश्यू. झाडांच्या मुळांना हातपाय, खोडांना चेहरे. एक चित्र नाहीये, नुसता डिंकाचा डाग. हे असं का केलेलं असतं? आणि निखळत आलेलं एक चित्र सेलोटेपने लावू का?
— मुंबईचे एक वाचक

सेलोटेप खाली ठेवा. आधी ते करा, मग पुढचं वाचा.

बाहेरचं पान न बघता चित्रकाराचं नाव छातीठोक सांगणं बरं नाही, पण तुम्ही वर्णन करताय ती पद्धत १९०५ ते पहिल्या महायुद्धापर्यंतच्या इंग्लंडमधल्या नाताळच्या भेटपुस्तकांची आहे, आणि हातपाय फुटलेली मुळं म्हटली की पहिलं नाव येतं आर्थर रॅकहॅम. हा गृहस्थ आधी विमा कंपनीत कारकून, संध्याकाळी आर्ट स्कूल, मग वर्तमानपत्रांसाठी चित्रं. १९०५ मध्ये त्याचं रिप व्हॅन विंकल आलं, १९०६ मध्ये केन्सिंग्टन गार्डन्समधल्या पीटर पॅनची ५० रंगीत चित्रं, आणि मग काय, दर नाताळला लोक वाट बघायला लागले. श्रीमंतांसाठी सही केलेल्या मर्यादित प्रती वेगळ्या, आणि मूळ चित्रांची गॅलरीत प्रदर्शनं भरवून विक्री वेगळी. मुलांचं पुस्तक म्हणायचं पण दिवाणखान्यात मोठ्यांनीच मिरवायचं असा मामला.

चिकटवण्याचं कारण छपाईत आहे. तेव्हा रंगीत चित्र छापायची नवी पद्धत आलेली, चित्राचे फिल्टर लावून तीन फोटो काढायचे आणि पिवळा, लाल, निळा अशा तीन प्लेटा बारीक ठिपक्यांच्या करून एकावर एक छापायच्या. हे ठिपके साध्या कागदावर फिसकटतात, त्यांना माती चढवलेला गुळगुळीत आर्ट पेपरच लागतो. आणि गोष्ट मात्र छानशा जाड खरखरीत कागदावर छापायची फॅशन. मग दोन्ही वेगवेगळं छापून हाताने चित्रं चिकटवायची. रॅकहॅमने ह्या पद्धतीची नस ओळखलेली, तीन प्लेटा जराशा हलल्या तर चित्र धूसर होतं, पण त्याच्या चित्राचा सगळा जीव पेनाच्या काळ्या रेषेत असतो आणि रंग वरून पातळ, मातकट, चहा सांडल्यावर पुसून घेतल्यागत. त्यामुळे छापून आलेलं चित्रही उभं राहतं. ते ओलसर जंगल, त्यातला उदास पिवळा उजेड, थोडा छपाईचाच गुण म्हणा ना.

ह्या आर्ट पेपरचा शत्रू पाणी. ओल लागली की वरचा मातीचा थर चिकट होतो आणि समोरच्या पानाला असा धरतो की सोडवताना चित्रच फाटतं. मुंबईचा पावसाळा आहे, तेव्हा पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, भिंतीला टेकवून ठेवू नका, कोरड्या दिवशी सावलीत थोडा वेळ उघडून ठेवा, टिश्यू टाकून देऊ नका. निखळलेलं चित्र आहे तिथेच सुटं राहू दे किंवा चांगल्या बाइंडरकडून गव्हाच्या खळीने लावून घ्या. हरवलेलं चित्र बहुतेक कधीतरी कुणीतरी फ्रेम केलं असणार, घरातल्या जुन्या फ्रेमा बघा एकदा!

माझी सात वर्षांची मुलगी विचारते की परीचे खरे फोटो आहेत म्हणे, तिला शाळेत कुणीतरी सांगितलं. मी नेटवर बघितलं तर खरंच जुने फोटो सापडले! काय सांगू तिला?
— एक आई, ठाणे

खरी गोष्ट सांगा, ती कुठल्याही परीकथेपेक्षा भारी आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डजवळ कॉटिंग्ली गाव, साल १९१७. सोळा वर्षांची एल्सी आणि तिची नऊ वर्षांची मामेबहीण की मावसबहीण, जे काय नातं असेल ते, फ्रान्सिस. ओढ्याकाठी सतत खेळून कपडे ओले करून यायच्या, घरचे रागवायचे, म्हणायच्या आम्ही परी बघायला जातो. मग एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा घेऊन गेल्या आणि नाचणाऱ्या पऱ्यांसोबत फ्रान्सिसचा फोटो घेऊन आल्या. वडिलांचा विश्वास बसला नाही, पण ते फोटो पुढे फिरत फिरत पोचले कुणापर्यंत तर शेरलॉक होम्सच्या लेखकापर्यंत, आर्थर कॉनन डॉइल, आणि त्यांचा बसला! डिसेंबर १९२०च्या स्ट्रँड मासिकात त्यांनी लेखच छापला.

दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, १९८३ मध्ये, त्यांनी कबूल केलं की त्या पऱ्या कागदावर काढून कापलेल्या आणि टोपीच्या पिनांनी गवतात उभ्या केलेल्या होत्या. आता ह्यातली गंमत अशी की एल्सीने त्या नाचऱ्या मुली १९१४च्या एका भेटपुस्तकातल्या चित्रावरून घेतलेल्या, आणि त्याच पुस्तकात खुद्द कॉनन डॉइलची गोष्ट छापलेली होती. म्हणजे पुस्तक त्यांच्या घरात असणारच! त्यात त्यांचे काका रिचर्ड डॉइल हे परींच्या चित्रांसाठी नावाजलेले, वडीलही पऱ्या काढायचे. गुन्हेगाराच्या बुटावरच्या मातीवरून गाव ओळखणारा डिटेक्टिव्ह ज्यांनी लिहिला त्यांना पिना दिसल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात मुलगा गेलेला माणूस, परलोकावर श्रद्धा बसलेली, त्यांना ते खरं हवंच होतं, मी त्यांना फार हसत नाही.

मुलीला फोटो दाखवा आणि विचारा, ह्यात काय खटकतंय. सात वर्षांची आहे ना, बघा ती म्हणेल की पऱ्यांची केशरचना पार्लरमधून केल्यासारखी आहे. तेव्हाही काही लोकांनी हेच म्हटलेलं. मग तिच्या हातात कात्री आणि कागद द्या, आणि तुमच्या मोबाइलवर फोटो काढू द्या. फ्रान्सिस मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की पाचातला शेवटचा फोटो खरा होता. ते सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तर सांगितलं असतं.

आम्ही सिडनीला राहतो. मुलांना इंग्लंडच्या पुस्तकांतले ससे, हेजहॉग, डेझी इथे दिसतच नाहीत. इथलं काही आहे का?
— एक वाचक, सिडनी

आहे की, आणि तुमच्या गावातच! मे गिब्ज. १९१८ मध्ये तिचं स्नगलपॉट आणि कडलपाय आलं, निलगिरीच्या बोंडांची टोपी घातलेली दोन गोंडस बाळं, आणि त्यांच्या मागावर बँक्शिया नावाच्या तिथल्याच झाडाच्या केसाळ बोंडांचे भयंकर राक्षस. ते राक्षस मोठ्या माणसांनाही पुरेसे घाबरवतात असं माझं मत. न्यूट्रल बे भागात तिचं नटकोट नावाचं घर म्युझियम म्हणून जपलंय, जाऊन या. पुस्तकाच्या सुरुवातीला ती माणसांना विनंती करते की रानातल्या जीवांशी प्रेमाने वागा आणि फुलं मुळासकट उपटू नका. इथली पोरंसुद्धा मजेत वाचतील, निलगिरी आपल्याकडे रस्तोरस्ती लावलीय, खाली पडलेल्या त्या टोप्या कुणी कधी उचलून बघत नाही एवढंच. सुट्टीला याल तेव्हा एक प्रत आजोळच्या भाचरांना आणा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. परदेशी पुस्तकं परवडत नाहीत. ऑनलाइन स्वस्त सशाची पुस्तकं मागवली तर चित्रं भलतीच, डोळे मोठे केलेली, प्लॅस्टिकची वाटतात. काय करावं?
— एक गुरुजी, सोलापूर जिल्हा

सर, तुम्हाला पटकन ओळखता आलं ह्याचंच मला कौतुक वाटलं. झालंय असं की भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, पॉटर १९४३ला गेल्या, त्यामुळे आता कुणीही त्यांचा मजकूर उचलून स्वतःची चित्रं घालून छापतं. घेताना चित्रं लेखिकेचीच आहेत असं आत स्पष्ट लिहिलंय का ते बघा, नुसता कव्हरवर ससा बघून ऑर्डर करू नका. बार्करबाई १९७३ मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांच्या पऱ्यांना अजून हा नियम लागत नाही, त्या विकतच घ्याव्या लागतील किंवा लायब्ररीतून आणाव्या लागतील.

पण पॉटरसाठी पैसेच लागत नाहीत. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर त्यांची बरीच पुस्तकं मूळ चित्रांसकट फुकट आहेत. गोष्ट तुम्ही मराठीत तुमच्या शब्दांत सांगा, तिकडच्या बोलीत सांगितलीत तर अजून रंगेल, आणि चित्रं कलर प्रिंट काढून आणा. ए-फोरवर मोठी करून भिंतीला लावू नका, पोस्टकार्डाएवढीच ठेवा, म्हणजे पोरं डोकी एकत्र करून बघतील. पुस्तक शिवताना मजकूर आणि त्याचं चित्र समोरासमोर येईल एवढं सांभाळा. आणि जिथे मॅकग्रेगर दंताळं घेऊन धावतो ते चित्र पान उलटल्यावरच दिसू दे, आधी नाही.